सिगारेट सोडवणाऱ्या लशीची वाट पाहावी का?

वाचक भगिनीचे पत्र: "माझ्या यजमानांचे वय ४७ आहे. कॉलेजात असल्यापासून ते सिगारेट ओढतात. आता दिवसाला पंधराएक होतात, आणि सकाळी डोळे उघडले की चहाच्या आधी पहिली लागते. काही दिवसांपूर्वी रक्तदाबाची गोळी सुरू झाली. त्यांनी दोनदा सोडून पाहिली, पण महिना उलटायच्या आत पुन्हा सुरू झाली. अलीकडे नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश आला की सिगारेट सोडवणारी लस निघाली आहे, तीन इंजेक्शने घेतली की पुन्हा सिगारेटची इच्छाच होत नाही. शहरातल्या एका दवाखान्यात ती मिळते, पण रक्कम आगाऊ भरावी लागते आणि आमच्या मानाने ती बरीच आहे. यजमान म्हणतात, 'लस असेल तर टोचून घेतो, बाकी मला काही सांगू नकोस.' ही लस खरी आहे का? इथली खोटी असेल तर परदेशातून मागवता येईल का? माझा मुलगा नववीत आहे, त्याला आधीच टोचून ठेवता येईल का? – एक वाचक, सातारा जिल्हा"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नांची उत्तरे आधी देते आणि मग त्यांमागची कारणे सविस्तर सांगते. धूम्रपान सोडवणारी कोणतीही लस आजमितीस भारतात किंवा जगातल्या इतर कोणत्याही देशात वापरासाठी मंजूर झालेली नाही. त्यामुळे ती परदेशातून मागवण्याचा प्रश्नच येत नाही, आणि मुलाला टोचून ठेवण्याचाही नाही. दवाखान्यात रक्कम भरली नसेल तर भरू नका. भरली असेल तर पावती जपून ठेवा आणि पैसे परत मागा.

मात्र तुमच्या ग्रुपवरचा संदेश अगदीच हवेतून आलेला नाही, आणि म्हणूनच त्यावर विश्वास बसणे स्वाभाविक आहे. अशी लस बनवण्याचे प्रयत्न खरोखर झाले. ते मोठ्या कंपन्यांनी, नामवंत विद्यापीठांनी आणि सरकारी निधीतून झाले, आणि काही वर्षे तर ती आता बाजारात येणारच असे वैद्यकीय वर्तुळातही बोलले जात होते. पुढे काय झाले हे तुम्ही यजमानांना नीट सांगू शकलात तर त्यांची लशीवरची आशा दुसरीकडे वळवणे सोपे जाईल, म्हणून ते जरा विस्ताराने लिहिते.

सिगारेटचा झुरका घेतल्यावर धुरातले निकोटिन फुप्फुसांतून रक्तात उतरते आणि साधारण दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तिथे ते मेंदूच्या पेशींवरच्या ठरावीक ग्राहींना, म्हणजे रसायने पकडणाऱ्या जागांना, चिकटते, डोपामिन हे सुखाची जाणीव देणारे रसायन स्रवते आणि माणसाला बरे वाटते. हे इतक्या झटपट घडते म्हणूनच व्यसन इतके घट्ट बसते. शास्त्रज्ञांचा विचार असा होता की निकोटिनला मेंदूपर्यंत पोहोचूच दिले नाही, तर झुरक्यातून मिळणारे सुख नाहीसे होईल आणि ओढण्यात अर्थ उरणार नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत फार घट्ट असते. निकोटिनचा रेणू अगदी लहान असल्यामुळे ती सहज ओलांडतो, परंतु त्याला रक्तातच एखादा मोठा प्रतिपिंड (अँटिबॉडी, म्हणजे परक्या पदार्थाला पकडणारे शरीराचे प्रथिन) येऊन चिकटला, तर ती जोडी भिंतीपलीकडे जाऊ शकत नाही.

अडचण अशी की निकोटिनचा रेणू इतका लहान आहे की शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा त्याची दखलच घेत नाही. तशी ती घेत असती तर रोज सिगारेट ओढणाऱ्या प्रत्येकाच्या रक्तात निकोटिनविरोधी प्रतिपिंड आपोआप तयार झाले असते. म्हणून निकोटिनसारखा रेणू एखाद्या मोठ्या प्रथिनाला जोडून तो टोचायचा, म्हणजे शरीर त्या प्रथिनाबरोबर निकोटिनलाही परके म्हणून ओळखू लागेल, अशी युक्ती योजली गेली. ही कल्पना तशी जुनी आहे. १९७४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी हेरॉइनची सवय लावलेल्या माकडावर याच तत्त्वाचा प्रयोग केला होता. निकोटिनसाठी वाहक म्हणून कोणी जिवाणूचे प्रथिन निवडले, कोणी कॉलऱ्याच्या विषाचा निरुपद्रवी केलेला भाग, तर कोणी धनुर्वाताच्या लशीत वापरतात तेच प्रथिन.

स्वित्झर्लंडमधील सायटॉस या कंपनीने जिवाणूंना ग्रासणाऱ्या एका विषाणूचे पोकळ कवच वाहक म्हणून घेतले आणि ३४१ धूम्रपान करणाऱ्यांवर लशीची चाचणी केली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. लस घेतलेला गट आणि नुसते बिनऔषधी इंजेक्शन घेतलेला गट यांची एकूण तुलना केली, तर सोडणाऱ्यांच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. पण ज्यांच्या रक्तात प्रतिपिंड सर्वाधिक तयार झाले होते अशांचा वेगळा हिशेब केला तेव्हा त्यांतले सुमारे ५७ टक्के लोक दुसऱ्या ते सहाव्या महिन्यापर्यंत सिगारेटपासून दूर राहिले होते, तर बिनऔषधी गटात हे प्रमाण सुमारे ३१ टक्के होते. अमेरिकेतील नाबी कंपनीच्या 'निकवॅक्स' या लशीच्या चाचणीतही, ज्यात ३०१ जण होते, असेच चित्र दिसले: भरपूर प्रतिपिंड बनलेल्यांमध्ये सोडणाऱ्यांचे प्रमाण बिनऔषधी गटाच्या जवळपास दुप्पट होते.

या आकड्यांनी सगळ्यांना हुरूप आला, आणि माझ्या मते घोळ इथेच झाला. निकाल हाती आल्यावर ज्यांना चांगला गुण आला तेवढेच निवडून त्यांची तुलना सरसकट सगळ्यांशी केली, तर आशादायक आकडा मिळणे फारसे अवघड नसते. तरीही सायटॉसच्या लशीचे हक्क नोव्हार्टिसने २००७ मध्येच घेतले होते, आणि निकवॅक्ससाठी ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने २००९ मध्ये चार कोटी डॉलर आधीच मोजण्याचे मान्य केले. अमेरिकेच्या सरकारी अमली पदार्थ संशोधन संस्थेनेही त्याच वर्षी निकवॅक्सच्या शेवटच्या टप्प्यासाठी एक कोटी डॉलर दिले.

निकाल मात्र निराशाजनक आले. सायटॉस-नोव्हार्टिसची लस २००९ च्या ऑक्टोबरमध्येच, दुसऱ्या टप्प्यातील चाचणीच्या अंतरिम तपासणीत, अपेक्षित फळ देत नसल्याचे दिसले. निकवॅक्सच्या तिसऱ्या टप्प्यातल्या दोन चाचण्यांत प्रत्येकी सुमारे १,००० माणसे होती, आणि त्यांना काही महिन्यांत एकामागून एक अशी अनेक इंजेक्शने दिली गेली होती. जुलै २०११ मध्ये पहिल्या चाचणीचा निकाल लागला. लस घेतलेल्यांत सिगारेट सोडणारे साधारण ११ टक्के निघाले आणि बिनऔषधी इंजेक्शन घेतलेल्यांतही साधारण ११ टक्केच. नोव्हेंबरमध्ये दुसरीही चाचणी अपयशी ठरली. नेदरलँड्समध्ये ५५८ जणांवर व्हॅरेनिक्लिन या सिगारेट सोडवायला मदत करणाऱ्या गोळीसोबत ही लस देऊन पाहिली गेली, तेव्हाही गोळीच्या एकटीच्या परिणामात लशीने भर घातली नाही. स्वीडनची 'निक्सिन' आणि ब्रिटनची 'टीए-निक' या लशींचीही गत तीच झाली. झालेल्या चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये घेतला, आणि या लशींमुळे लोक दीर्घकाळ सिगारेट सोडतात असा पुरावा नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

असे का झाले, याचे एक कारण साध्या गणितात आहे. एका सिगारेटमधून साधारण एक मिलिग्रॅम निकोटिन शरीरात जाते. प्रतिपिंडाचा एक रेणू निकोटिनच्या रेणूपेक्षा नऊशेहून अधिक पट जड असतो आणि तो निकोटिनचे फक्त दोनच रेणू धरू शकतो. म्हणजे एकाच सिगारेटमधले सगळे निकोटिन अडवायचे झाले, तर जवळपास अर्धा ग्रॅम प्रतिपिंड, तेही केवळ निकोटिनसाठीच बनलेले, रक्तात तयार हवेत. तुमचे यजमान दिवसाला पंधरा ओढतात. चार शिपायांनी नाकाबंदी करावी आणि समोरून जत्रेची गर्दी यावी, तशी ही अवस्था. निकवॅक्स घेतलेल्या काही जणांच्या मेंदूचे चित्रण करून पाहिले तेव्हा ग्राहींना चिकटणारे निकोटिन सुमारे साडेबारा टक्क्यांनीच घटल्याचे आढळले. शिवाय किती प्रतिपिंड बनतील हे माणसागणिक बदलते, आणि जे बनतात तेही काही महिन्यांत ओसरू लागतात.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि ते तुमच्या घराशी थेट संबंधित आहे. लस फार तर सिगारेटचे सुख कमी करील, पण सिगारेट न मिळाल्यामुळे होणारी तगमग ती कमी करत नाही. सकाळची तलफ, चिडचिड, झोपमोड, कामात लक्ष न लागणे, बद्धकोष्ठ हे त्रास मेंदूला सवयीचे निकोटिन न मिळाल्याने होतात, आणि ते अडवणारी लस या त्रासांवर उतारा ठरूच शकत नाही. शिवाय चहाच्या कपाबरोबर, जेवणानंतर, कचेरीबाहेरच्या टपरीवर चार माणसांत उभे राहिल्यावर हात खिशाकडे जातो, तो वर्षानुवर्षांच्या सरावाने. हा सराव रक्तातले प्रतिपिंड मोडू शकत नाहीत.

संशोधन थांबलेले नाही. अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्थेत निकोटिनच्या लशीची घडण सुधारण्यावर काम झाले आहे, इतरत्र अतिसूक्ष्म कणांवर निकोटिन बसवून पाहिले गेले आहे, आणि न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी २०१२ मध्ये उंदरांच्या यकृतालाच निकोटिनविरोधी प्रतिपिंड बनवायला लावणारी जनुकीय पद्धत मांडली. ही कामे मोलाची आहेत. पण उंदरांपासून माणसांपर्यंतचा आणि तिथून औषधाच्या दुकानापर्यंतचा रस्ता फार लांब असतो, आणि तोवर रोज पंधरा सिगारेटी ओढत राहणे सत्तेचाळिसाव्या वर्षी परवडणारे नाही. ब्रिटनमधील डॉक्टरांचा पन्नास वर्षे पाठपुरावा करून केलेल्या विख्यात पाहणीत असे दिसले की चाळिसाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्याला सरासरी ९ वर्षांचे आयुष्य परत मिळते, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्याला ६ वर्षांचे आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्याला ३ वर्षांचे. तुमच्या घरातले वर्ष या हिशेबात चाळीस आणि पन्नासच्या मधले आहे.

आता त्या दवाखान्याविषयी. तिथे नेमके काय टोचले जाते हे मी पत्रावरून सांगू शकत नाही, आणि हीच काळजीची गोष्ट आहे. अमेरिकेत काही खासगी केंद्रांनी 'सिगारेट सोडवणारे इंजेक्शन' म्हणून ॲट्रोपिन व स्कोपोलामिन यांसारखी औषधे दिली आहेत. ती लस नव्हेत. त्यांनी तोंड कोरडे पडते, नजर धूसर होते, लघवी अडू शकते, नाडी जलद होते, आणि काही वेळा माणूस गोंधळून जातो. रक्तदाबाचा त्रास असलेल्याने अनोळखी इंजेक्शन घेणे मुळीच योग्य नाही. तरीही यजमानांना शहानिशा करायचीच असेल, तर औषधाचे नाव, बनवणारी कंपनी, बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख असलेली कुपी दाखवा, असे तिथे सांगावे. खरी लस देणारा दवाखाना हे विचारायच्या आधीच दाखवतो. यावरून सर्वच लशींविषयी मनात किंतु धरू नका. धूम्रपान करणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका अधिक असतो, म्हणून न्यूमोकॉकल आणि दरवर्षीची फ्लूची लस घ्यावी का, हे आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारा. त्या खऱ्या आणि उपयोगाच्या लशी आहेत, फक्त त्या सिगारेट सोडवत नाहीत.

मुलाबद्दलचा प्रश्न तुम्ही काळजीपोटी विचारला आहे, आणि तो तज्ज्ञांनाही पडला होता. लस यशस्वी झाली तर ती शाळकरी मुलांना आधीच द्यावी का, यावर परदेशांत बरीच चर्चा झाली. प्रतिपिंड काही महिन्यांत ओसरत असल्याने मुलाला पुन्हा पुन्हा टोचावे लागले असते, आणि परिणाम जाणवावा म्हणून एखादा मुलगा अधिक ओढू लागण्याची भीतीही बोलून दाखवली गेली. माझा आक्षेप आणखी साधा आहे. पंधरा वर्षांचा मुलगा पहिली सिगारेट निकोटिनसाठी ओढत नाही. ती तो मित्रांत कमी पडू नये म्हणून, मोठे झाल्यासारखे वाटावे म्हणून आणि घरात रोज दिसते म्हणून ओढतो. ज्या घरात आईवडील ओढतात तिथल्या मुलांत ही सवय लागण्याचे प्रमाण जास्त असते, हे अनेक पाहण्यांत दिसले आहे. तुमच्या मुलाला खरे संरक्षण वडिलांनी सोडल्यानेच मिळेल, आणि हे वाक्य यजमानांना तुम्ही ऐकवण्यापेक्षा मुलाने स्वतः त्यांना एकदा शांतपणे सांगितले तर ते अधिक लागू पडेल.

यजमानांच्या बोलण्यातली एक गोष्ट मात्र माझ्या मनात भरली. "लस असेल तर टोचून घेतो," असे ते म्हणाले. म्हणजे त्यांना सोडायची आहे. आपण एकट्याच्या जिद्दीवर ती सुटत नाही, काहीतरी औषधी आधार हवा, इतकेच त्यांना म्हणायचे आहे, आणि ते बरोबर आहे. तुम्ही याला हट्ट समजू नका. असा आधार देणारी औषधे आहेत, ती लशीप्रमाणे एका टोचणीत काम आटपत नाहीत, पण ज्या चाचण्यांत लशी पडल्या तशाच कठोर चाचण्यांत ती उतरली आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ८,००० हून अधिक लोकांवरच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत नवव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत सिगारेटपासून पूर्ण दूर राहिलेल्यांचे प्रमाण बिनऔषधी गटात ९.४ टक्के, निकोटिनच्या पट्टीने १५.७ टक्के, ब्युप्रोपिऑन या दुसऱ्या गोळीने १६.२ टक्के आणि व्हॅरेनिक्लिनने २१.८ टक्के होते. कोणी म्हणेल, पाचांतला एकच सुटला. पण एरवीच्या दुपटीहून जास्त माणसे सुटली, हेही त्याच आकड्यात आहे. औषधाने एकदा जमले नाही तर पुन्हा प्रयत्न करता येतो.

तुमच्या यजमानांच्या बाबतीत मी सुरुवात कशी करीन ते लिहिते. त्यांच्या रक्तदाबाच्या डॉक्टरांना हे दाखवून त्यांची संमती घ्या, कारण ब्युप्रोपिऑनने रक्तदाब वाढू शकतो आणि ज्यांना पूर्वी फिट आली असेल त्यांना ते देत नाहीत. व्हॅरेनिक्लिनची मात्रा मूत्रपिंडाचे काम पाहून ठरवावी लागते. ती गोळी सिगारेट सोडायच्या दिवसाच्या एक-दोन आठवडे आधी सुरू करतात आणि साधारण १२ आठवडे देतात. मळमळ होऊ शकते, म्हणून ती जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यावी. रात्री विचित्र स्वप्ने पडू शकतात. मनःस्थितीत काही वेगळा बदल दिसला तर मात्र डॉक्टरांना लगेच कळवावे.

निकोटिनची पट्टी आणि च्युइंगगम हा दुसरा मार्ग. पट्टी दिवसभर थोडे थोडे निकोटिन देत राहते, आणि गम अचानक उसळणाऱ्या तलफेला आवरतो. दोन्ही एकत्र वापरल्यास नुसत्या एकापेक्षा अधिक गुण येतो. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला पहिली सिगारेट लागते त्याला साधारणतः ४ मिलिग्रॅमचा गम लागतो, २ मिलिग्रॅमचा पुरत नाही. मागच्या दोन्ही प्रयत्नांत यजमानांनी गम वापरला होता का, आणि वापरला असेल तर कोणता, हे त्यांना विचारा. कमी मात्रेचा गम घेऊन "याने काही होत नाही" म्हणणारे पुष्कळ असतात.

गम चघळायची एक रीत आहे आणि ती दुकानदार सहसा सांगत नाही. हा नेहमीचा गम नव्हे, म्हणून सतत चघळत राहायचे नाही. हळूहळू चावावा, तिखटसर झणझणीत चव आली की थांबावे, आणि गाल व हिरडी यांच्यामध्ये तो दाबून ठेवावा. झणझणाट ओसरला की पुन्हा दोन-चार वेळा चावून दुसऱ्या बाजूला ठेवावा. असा एक गम साधारण अर्धा तास चालतो. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषले जाते, पोटातून फारसे नाही. त्यामुळे भराभर चघळून लाळ गिळली तर तलफ भागत नाही, आणि वर उचकी व जळजळ मात्र होते. चहा, कॉफी, लिंबू सरबत किंवा शीतपेय घेतल्यावर तोंडात आम्लता येते आणि शोषण घटते, म्हणून त्यानंतर निदान पंधरा मिनिटे गम तोंडात टाकू नये. चहाप्रेमी माणसाच्या बाबतीत बहुतेक वेळा इथेच गणित चुकते. सकाळी उठल्याबरोबर, चहा ठेवायच्या आधी गम, आणि तो संपल्यावर चहा, असा क्रम लावून द्या.

चहा-कॉफीबद्दल आणखी एक. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा नेहमीपेक्षा लवकर करते. धूर थांबला की हा वेग कमी होतो आणि तेवढीच कॉफी जास्त चढते. मग झोप लागत नाही, हात थरथरतात, जीव घाबरा होतो, आणि हे सगळे सिगारेट सोडल्यामुळेच होत आहे असे समजून माणूस पुन्हा पाकीट आणतो. पहिले काही आठवडे कपांची संख्या निम्म्यावर आणावी. तपकीर, मशेरी, गुटखा किंवा तंबाखूचा बार हा पर्याय म्हणून चुकूनही सुचवू नका. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के आणि बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. सिगारेट सुटून तंबाखूची पुडी हाती येणे आपल्याकडे फार सोपे आहे, आणि तोंडाच्या कर्करोगाचे मोठे कारण तीच आहे. ई-सिगारेटच्या विक्रीवर आपल्या देशात २०१९ पासून कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तोही मार्ग नको.

सोडण्याचा दिवस पुढच्या दोन आठवड्यांच्या आतला ठरवावा, आणि तो त्यांनी ठरवावा, तुम्ही नव्हे. आदल्या रात्री घरातली, गाडीतली, कपाटातली सगळी पाकिटे, लायटर आणि रक्षापात्रे टाकून द्यावीत. तलफ काही मिनिटांची असते, ती उठते, चढते आणि उतरते. तेवढा वेळ हात गुंतलेला असला तरी पुरते. त्रास पहिल्या आठवड्यात सर्वाधिक होतो आणि बहुतेकांत तीन-चार आठवड्यांत उतरतो. त्यांचे आधीचे दोन्ही प्रयत्न महिन्याच्या आत फसले, म्हणजे ते या त्रासाच्या अखेरीच्या जवळ असताना मागे फिरले होते. त्यांना हे ठाऊक असेल असे वाटत नाही, आणि ते त्यांना सांगण्याजोगे आहे. वजन सरासरी चार-पाच किलो वाढू शकते, त्याची आधी कल्पना द्या, म्हणजे ते निमित्त होणार नाही.

त्या आठवड्यांत ते चिडतील. त्याला प्रत्युत्तर देऊ नका, आणि वास घेऊन, खिसे तपासून त्यांची झडतीही घेऊ नका. लपवून ओढायची वेळ आली की माणूस खोटे बोलायला लागतो, आणि मग मदत मागायचे दार बंद होते. एखाद्या लग्नात किंवा मित्रांत एक ओढली गेली, तर "झाले, पुन्हा सुरू" असे म्हणू नका. दुसऱ्या दिवशी गम आणि पट्टी तशीच चालू ठेवावी.

रक्कम भरायची असेल तर ती आधी या औषधांसाठी भरा. सल्ल्यासाठी पैसे लागत नाहीत. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा निःशुल्क क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातही या सेवेचे केंद्र आहे, आणि मराठीतून बोलता येते. समुपदेशक सोडण्याचा दिवस ठरवायला मदत करतात आणि नंतर आपणहून फोन करून चौकशी करतात. मात्र फोन यजमानांनी स्वतः लावायला हवा. जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात जाणार असाल, तर रक्तदाबाच्या गोळीची पट्टी, शेवटचे रक्त तपासणीचे अहवाल आणि मागच्या वेळी काय वापरले होते त्याची नोंद सोबत न्या. क्रिएटिनिनची तपासणी (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्त तपासणी) वर्षभरात झाली नसेल तर ती जाण्याआधी करून घ्या, म्हणजे व्हॅरेनिक्लिन द्यायचे की नाही हे पहिल्याच भेटीत ठरवता येईल.